बाह्य घन-अवस्था चालक, एक नग

लोकवाणी जतन केंद्र, चंद्रपूर, या कार्यालयातला एकमेव संगणक आजारी पडला, तेव्हा कार्यालयाचे एकूण कामकाज पाहता तो बराच टिकला असेच म्हणावे लागेल. दुखणे हार्ड डिस्कचे होते. सकाळी बटण दाबले की यंत्राच्या पोटात पाल चुकचुकल्यासारखी टिकटिक सुरू व्हायची, पडदा बराच वेळ काळा राहायचा आणि मग निवृत्तीला आलेल्या लिपिकासारखा नाइलाजाने कामाला लागायचा. केंद्राचा भाषा समन्वयक प्रफुल खोब्रागडे रोज ती टिकटिक ऐकायचा आणि रोज आपली खुर्ची जराशी मागे घ्यायचा.

त्या डिस्कमध्ये केंद्राने गावोगाव फिरून गोळा केलेले आवाज होते. त्यातले निम्मे लग्नातल्या लाऊडस्पीकरचे होते आणि उरलेल्यातले बरेचसे खुद्द प्रफुलचे, कारण 'बोला, सुरू झालं आहे' हे तो दर वेळी फार विस्ताराने सांगायचा. पण एक आवाज लाखमोलाचा होता. भामरागडच्या पलीकडे इरुकनार नावाचे माडिया गाव आहे. तिथल्या बुधरी पुंगाटी या म्हातारीने आपल्या गावाच्या जंगलाची हद्द तोंडी सांगितली होती, कुठल्या टेकडीपासून निघायचे, कुठल्या ओढ्यापाशी वळायचे, सगळे. ती आता हयात नव्हती. गावाने वनहक्काचा सामूहिक दावा लावला होता आणि जाणत्या माणसाचा जबाब अशा दाव्यात पुरावा म्हणून चालतो. दावा मंजूर झाला तर जंगलातला बांबू गावाचा. नाही झाला तर पावसाळ्यानंतर त्याचा लिलाव.

बुधरीची नात रंजीता गावच्या समितीची सचिव होती. ती दोन बस बदलून केंद्रात आली.

"सर, आजीचा आवाज पायजे. मोबाइल आणला आहे, यातच टाकून द्या."

"तसं करता येत नाही," प्रफुल म्हणाला. "खासगी साधन शासकीय संगणकास जोडण्यास मनाई आहे. आणि सुनावणीत केंद्राच्या शिक्क्याचीच प्रत चालते."

"मग तुमच्या साधनात द्या."

"आमच्याकडे साधन नाही."

"मग?"

"मागवतो," प्रफुल म्हणाला, आणि हे तो अगदी मनापासून म्हणाला. पावसाळ्याला अजून अवकाश होता. पर्लकोटा नदीला पूर येऊन रस्ता बंद होण्याआधी सुनावणी होती, आणि दुकानात जाऊन एक लहानशी वस्तू आणायला असा कितीसा वेळ लागतो.

त्याने अभ्यास सुरू केला. भद्रावतीहून चंद्रपूरला येणाऱ्या एसटीत तो रोज कानात तारा खुपसून व्हिडिओ पाहू लागला. एसएसडी, म्हणजे सॉलिड स्टेट ड्राइव्ह नावाची साठवणीची डबी, हिच्यात फिरणारी तबकडी नसते, ती पडली तरी सहसा बिघडत नाही, वेगवान असते, हे त्याला कळले. वेगवान एसएसडी जुन्या यूएसबीला लावली तर तीही बैलगाडीच्याच चालीने चालते, हेही कळले, आणि केंद्राच्या संगणकाला जुनी यूएसबीच होती, तीही फक्त मागच्या बाजूला, कारण पुढच्या खाचेत कुणीतरी पूर्वी उदबत्ती खोचली होती. मग तो दुकानात चौकशीला गेला. दुकानदाराने विचारले, "काय ठेवाचं हाय यात?" प्रफुल म्हणाला, एका आजीचा आवाज. "मग एवढी मोठी कायले नेता जी? लहानशी न्या." हे प्रफुलला आवडले नाही. शासनाच्या वतीने लहान वस्तू घेणे म्हणजे शासनाला लहान समजणे. त्याने एक टीबीची पसंत केली, जिच्यात बुधरीचा आवाज गोदामात ठेवलेल्या मोहरीच्या दाण्याएवढा बसला असता.

इथवर सर्व ठीक होते. मग प्रस्ताव लिहायची वेळ आली.

प्रस्तावात इंग्रजी शब्द आढळल्यास प्रस्ताव परत करण्यात येईल, असे वरच्या कार्यालयाचे परिपत्रक होते. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिला तरी तो इंग्रजीच समजण्यात येईल, अशी त्याला तळटीप होती. ती तळटीप प्रफुलनेच सुचवली होती.

याला कारण होते. प्रफुल शाळेत असताना त्याचे वडील देवाजी त्याला घेऊन एका कार्यालयाच्या खिडकीशी उभे होते. "मले पोराचा दाखला पायजे," ते म्हणाले, तर आतला बाबू शेजारच्याकडे वळून "मले" म्हणाला आणि दोघे हसले. देवाजी मान खाली घालून उभे राहिले. पोराने मात्र त्या दिवशी ठरवले की आपण अशी मराठी शिकू की खिडकीच्या आतल्यालाच शब्दकोश उघडावा लागेल. ते त्याने करून दाखवले. फक्त मधल्या काळात तो स्वतःच खिडकीच्या आत जाऊन बसला होता, आणि ही बारीकशी गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती.

घरी तो फ्रिजला शीतकपाट म्हणायचा. त्याची बायको नंदिनी शाळेत शिक्षिका होती आणि दिवसभर पोरांना सांभाळून आल्यावर तिच्यात नवऱ्याला सुधारायचे त्राण उरत नसे. "शीतकपाटातलं दही काढा जी," ती म्हणायची, "नाईतर त्याची बाष्पावस्था होऊन जाईन."

एक्सटर्नल सॉलिड स्टेट ड्राइव्ह. बाह्य. घन. अवस्था. इथवर कलम सरळ गेले. 'ड्राइव्ह'पाशी मात्र एक अख्खा रविवार खर्ची पडला. धावक, हाकणी, प्रेरक असे शब्द कागदावर आले आणि खोडले गेले. संध्याकाळी त्याला 'चालक' सुचला आणि त्याला इतके बरे वाटले की त्याने स्वतःच चहा केला. पूर्ण झालेला मजकूर त्याने नंदिनीला वाचून दाखवला: "मेजस्थ यंत्रास जोडण्याकरिता एक टीबी क्षमतेचा, वहनक्षम, बाह्य घन-अवस्था चालक, एक नग, तातडीने उपलब्ध करून द्यावा. सदर चालकास वापरापूर्वी विहित नमुन्यात आणण्यात येईल, व त्याचे पूर्वीचे सर्व काही पुसून त्यास कोरे करण्यात येईल."

"कोणाले मारून राह्यले का तुमी?" नंदिनीने विचारले.

"शेवटचं वाक्य म्हणजे फॉरमॅटिंग."

"मग फॉरमॅटिंग लिहा ना."

प्रफुल दयेने हसला. टीबी हे तेवढे एकक असल्यामुळे त्याला नियमातून सूट होती.

वरच्या कार्यालयात हा प्रस्ताव आस्थापना शाखेकडे गेला, कारण चालक हा त्यांचा विषय. काही दिवसांनी तीन शंका विचारणारे पत्र आले. एक, शासन क्षयरोग निर्मूलनासाठी कटिबद्ध असताना चालकास एक टीबी कशासाठी हवा? दोन, चालक कर्तव्यावर घन अवस्थेत असणे अपेक्षितच असताना तसा वेगळा उल्लेख का? यापूर्वीचा चालक द्रव अवस्थेत होता काय? तीन, पूर्वीचे सर्व काही पुसणे म्हणजे नेमके काय काय पुसणे?

केंद्रप्रमुख माधवी मॅडमनी पत्र वाचले, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचले. त्या हिशेबाच्या शाखेतून वर आल्या होत्या आणि कोणत्याही संकटातून एका ओळीत बाहेर पडता येते, असा त्यांचा अनुभव होता.

"खोब्रागडे, एक ओळ लिहा. शब्द चुकला, एसएसडी पाहिजे. संपलं."

"मॅडम, तो शब्द चुकलेला नाही."

"त्याला माणूस समजून राह्यले ते."

"समजणाऱ्याची मर्यादा ही शब्दाची मर्यादा होऊ शकत नाही," प्रफुल म्हणाला. खरे कारण वेगळे होते. वरच्या कार्यालयाने आदर्श शब्दांची पुस्तिका छापायला घेतली होती आणि 'घन-अवस्था चालक' हा शब्द त्याच्या नावासह त्यात जाणार होता. पुस्तिकेत शब्द गेला की मग एक ओळ लिहू, असे त्याने मनाशी ठरवले. माणूस स्वतःला अशी तारीख देतो तेव्हा ती नेहमी पुढची असते.

त्याने शंकांना शास्त्रशुद्ध उत्तरे दिली. टीबी हा विकार नसून क्षमता आहे. घन अवस्था म्हणजे ज्याच्या आत काहीही गरगर फिरत नाही अशी अवस्था. पूर्वीचे पुसणे म्हणजे चालक जणू नुकताच जन्मला आहे अशा स्थितीत त्याला आणणे. उत्तरे इतकी अचूक होती की वरच्या कार्यालयाच्या मनात उरलासुरला संशयही फिटला. लगेच मंजुरी आली: आत काहीही गरगर फिरत नसलेला, छातीच्या क्ष-किरण तपासणीत निर्दोष, बाह्यस्रोताद्वारे, चालक, एक नग.

तो नग एका सोमवारी पोंभुर्ण्याहून आला. त्याचे नाव विनोद. हातात छातीचा एक्स-रे, पोलिसांचा दाखला आणि डबा.

"मले इथी हजर व्हाले सांगतलं," तो म्हणाला. "गाडी कुठी हाय सायेब?"

"गाडी नाही," प्रफुल म्हणाला.

"मग काय चालवाचं?"

प्रफुलने संगणकाकडे पाहिले. विनोदनेही पाहिले. संगणकाने टिकटिक केली. प्रस्तावात 'मेजस्थ यंत्रास जोडण्याकरिता' असे स्पष्ट असल्यामुळे विनोदला टेबलाशेजारी एक स्टूल देण्यात आले, आणि 'चालक यंत्रास जोडण्यात आला' असा अनुपालन अहवाल वर गेला. त्याबद्दल केंद्राचे अभिनंदन करणारे पत्र आले, ते माधवी मॅडमनी फलकावर लावले, कारण केंद्राला आजवर दुसरे कोणतेच आले नव्हते.

गंमत इथेच थांबती तर बरे होते. पगाराचा कागद आला तेव्हा विनोद तो घेऊन प्रफुलसमोर उभा राहिला. त्याने ट्रक चालवले होते, खाणीतल्या कामगारांची बस चालवली होती, सूरजागडच्या रस्त्यावर पावसात जीप काढली होती. कागदावर अनुभवाच्या रकान्यात 'निरंक' लिहिले होते. ठेकेदाराने प्रस्तावातले वाक्य वाचून त्याला नवशिक्याच्या दरावर घेतले होते.

"माहा अनुभव कुठी गेला सायेब? लिहून आलं का पूर्वीचं सर्व पुसलं. कोणी पुसलं?"

फॉरमॅट झालेला माणूस प्रफुलने प्रथमच पाहिला. त्याला फार वाईट वाटले. ते वाक्य आपले आहे हे त्याच्या ओठांवर आले होते, पण तेवढ्यात नव्या पुस्तिकेचे पार्सल आले आणि पान उघडून त्याने आपला शब्द शोधला. तो होता, नावासह. विनोद कागदाची घडी करून पुन्हा स्टुलावर जाऊन बसला.

रंजीता दुसऱ्यांदा आली. "साधन आलं का सर?"

"आलं आहे," प्रफुल म्हणाला. "पण वेगळ्या स्वरूपात."

"मीच आहो जी ते," विनोद स्टुलावरून म्हणाला.

रंजीता हसली नाही. तिने सगळे ऐकून घेतले आणि टिकटिक करणाऱ्या डब्याकडे पाहत राहिली. "आजी जायच्या आधी घरी सगळ्यायले सांगत होती," ती म्हणाली. "मी त्या मशीनमध्ये बोलून ठेवलं, मले विचारू नका, तिले विचारा. तिचा भरोसा होता मशीनवर. पूर यायच्या आधी देसान ना सर?"

प्रफुलने मान हलवली. त्या रात्री तो जेवला नाही. नंदिनीने विचारले तर म्हणाला, पोटात गरगरतंय.

वर मात्र काम थांबत नसते. चालक आहे आणि वाहन नाही, ही बाब लेखापरीक्षणात आक्षेपार्ह ठरली असती, म्हणून केंद्राला दुसऱ्या एका खात्यातून निवृत्त झालेली जीप देण्यात आली. जीपसोबत तिच्या सुट्या भागांसाठी रक्कम आली. ती पाहताच माधवी मॅडमचे डोळे चमकले.

"खोब्रागडे, जीपला स्टेपनी नाही."

"मग घेऊ."

"घेऊ ना. संगणकाची स्टेपनी घेऊ. स्टेपनी म्हणजे काय? एक चाक गेलं तर दुसरं. एसएसडी म्हणजे काय? एक डिस्क गेली तर दुसरी. बिलावर 'स्टेपनी, एक नग' लिहून आणा. मी सही करते."

प्रफुलला हे भाषांतर अचूक वाटले, आणि त्याबद्दल त्याला थोडा मत्सरही वाटला. विनोदने जीप काढली, दोघे दुकानात गेले आणि साबणाच्या वडीएवढी स्टेपनी घेऊन परत आले. केंद्राच्या दारातली जीप त्या दिवसापासून आजतागायत स्टेपनीशिवाय फिरते आहे.

आता फॉरमॅटिंग. संगणकाची भाषा प्रफुलने पूर्वीच मराठी करून ठेवली होती. मागच्या खाचेत तार लावताच पडद्यावर चौकट आली आणि तिने त्याला विचारले की, धारिका प्रणाली कोणती, वाटप एकक आकार कोणता, आणि द्रुत स्वरूपण हवे आहे का. प्रफुलने ते दोनदा वाचले. आपल्याच जातकुळीची मराठी पहिल्यांदा त्याच्या अंगावर आली होती आणि तिच्यातले त्याला ओ की ठो कळेना. त्याने मागे पाहिले, माधवी मॅडम जागेवर नाहीत याची खात्री केली आणि गुपचूप पडदा इंग्रजीवर नेला.

"सायेब, हे तर अंग्रेजी झालं," विनोद म्हणाला.

"तात्पुरतं आहे."

मग सगळे सरळ झाले. जुन्या डिस्कला हात लागू नये म्हणून त्याने नव्या डिस्कचे नाव आणि आकार पुन्हा पुन्हा तपासला. सुनावणीच्या ठिकाणी कुठलाही संगणक असो, उघडली पाहिजे, म्हणून एक्सफॅट हा प्रकार निवडला. मग त्याने बटण दाबले. पट्टी सरकली, नवी डिस्क कोरी झाली आणि एकेक आवाज टिकटिक ऐकत ऐकत पलीकडे जाऊ लागला. शेवटी त्याने बुधरीचा आवाज लावून पाहिला. म्हातारी खोकली, कुणाला तरी दटावले आणि बोलू लागली. प्रफुलच्या डोळ्यांत पाणी आले. विनोद म्हणाला, "आजी खणखणीत हाय." जुनी डिस्क त्याच आठवड्यात कायमची गप्प झाली.

म्हणजे वाचले. एवढ्या सगळ्या मूर्खपणातून आवाज सहीसलामत वाचला होता, आणि आता प्रफुलने काहीही न करता नुसते बसून राहायचे होते. पण जबाब माडियात होता आणि सोबत प्रमाणित मराठी भाषांतर जोडणे आवश्यक होते. प्रमाणित करण्याचा अधिकार भाषा समन्वयकाला होता. केंद्रातल्या माडिया येणाऱ्या एका सहकाऱ्याकडून त्याने शब्दाशब्दाचा अर्थ घेतला, आणि मग अपराधाची भरपाई करायची म्हणून जीव ओतून काम केले. बुधरीच्या मराठीला कुणी खिडकीतून हसता कामा नये, असे त्याने मनाशी म्हटले. बुधरी मराठीत बोललेली नव्हती, हे त्या भरात राहून गेले.

सुनावणी गडचिरोलीला होती. रंजीता गावातली चार माणसे घेऊन आली होती, सगळ्यांचे कपडे धुतलेले, केस चापून बसवलेले. आवाज लावला गेला. खोलीतली माणसे शांतपणे ऐकत राहिली. मग जिल्हा समितीच्या अध्यक्षांनी भाषांतर हातात घेतले.

"दावेदार गाव कोणतं?"

"इरुकनार," रंजीता म्हणाली.

"इथे मधूकग्राम लिहिलं आहे."

रंजीताने प्रफुलकडे पाहिले. इरुक म्हणजे मोह, मोहाला संस्कृतात मधूक आणि नार म्हणजे गाव, हे प्रफुलने उभे राहून समजावले. अध्यक्षांनी यादी पाहिली. मधूकग्राम नावाचे गाव जिल्ह्यात नव्हते.

"बरं. उत्तरेला कुक्कुटगिरी."

"कोरमेट्टा," प्रफुल म्हणाला. "कोर म्हणजे कोंबडी, मेट्टा म्हणजे टेकडी."

"आणि पूर्वेला आम्रजल. हा ओढा आहे की पन्हं?"

दोन सदस्य हसले. रंजीताला वाटले ते आजीला हसले. ती नुसती मान खाली घालून उभी राहिली, आणि प्रफुलच्या कानाच्या पाळ्या पेटल्या, कारण तसे उभे राहिलेले माणूस त्याने आधी एकदा पाहिले होते.

"मरकाएर नाव हाय त्याचं," रंजीता हळूच म्हणाली. "तुमच्या नकाशात हाय. तो निळा."

"नकाशात आहे हो बाई. पण प्रमाणित भाषांतरात नाही, आणि आम्हाला प्रमाणित तेच धरावं लागतं." अध्यक्ष माणूस वाईट नव्हता. त्याने कागद मिटला. "असं करा. भाषांतरात आपण चूक केली, मूळ नावंच खरी, असं समन्वयकांनी केंद्राच्या शिक्क्यानिशी लिहून द्यावं. एक ओळ पुरे. उद्या कार्यालय बंद व्हायच्या आत मिळालं तर दावा मंजुरीला ठेवतो. नाही तर आता पावसाळ्यानंतर."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून प्रफुल केंद्रात कागद पुढे घेऊन बसला. समोरच्या बाकावर रंजीता होती. बाहेर विनोद जीपजवळ उभा होता. माधवी मॅडमनी शिक्का काढून शाईच्या पॅडवर ठेवला होता.

'भाषांतरात मी चूक केली.' प्रफुलने 'भाषांतरात मी' एवढे लिहिले आणि थांबला. 'चूक' हा शब्द कागदावर फार उघडा दिसला असता. त्याने दुसरा कागद घेतला. 'अनवधान' बरा होता, पण त्यात निष्काळजीपणा दिसतो. 'स्खलन' भारदस्त होता, पण त्याचा भलताच अर्थ निघतो. मग त्याला 'त्रुटी' सापडली. त्रुटीचे एक चांगले असते, ती कुणी करत नाही, ती राहून जाते. 'मी'ची तर मग गरजच उरली नाही. दुपार झाली तेव्हा पत्र तयार होते.

"उपरोक्त भाषांतरात काही स्थलनामांबाबत त्रुटी राहून गेली असल्याचे निदर्शनास आले असून, त्याबाबत खेद व्यक्त करण्यात येत आहे. मूळ नावे ग्राह्य धरण्यात यावीत."

रंजीताने वाचले. "सर, कोणी केलं ते कुठी हाय यात?"

"खाली सही आहे ना माझी."

"सही तर पत्राची हाय."

"शासकीय भाषेत असंच लिहितात."

रंजीताने आणखी एकदा वाचले. तिला उशीर होत होता. विनोदने स्टेपनीशिवायची जीप अशी हाणली की पत्र वेळेच्या आत गडचिरोलीला पोहोचले आणि त्याची पोचही मिळाली.

उत्तर पंधरवड्याने आले. "त्रुटी राहून गेल्याचे मान्य. तथापि ती कोणाकडून राहिली याचा उल्लेख पत्रात नसल्याने, ती भाषांतरकाराची की जबाब देणाऱ्या व्यक्तीची, याचा बोध होत नाही. जबाबदारी निश्चित करण्यात यावी. पुढील सुनावणी पावसाळ्यानंतर." त्याच दिवशी बांबूच्या लिलावाची सूचनाही लागली, आणि तिच्यात इरुकनार हे नाव अगदी शुद्ध छापलेले होते. प्रफुलने रंजीताला फोन लावला. पर्लकोटेचे पाणी पुलावरून वाहत होते आणि फोन संपर्क क्षेत्राच्या बाहेर होता. त्याने तिला सांगायचे वाक्य मनात जुळवून ठेवले होते: उशीर झाला.

आता वाचकांना प्रफुलचा राग आला असेल, तर तो रास्त आहे. त्याला स्वतःलाही आला आहे. भाषेचा एवढा अभ्यास केलेल्या माणसाला 'मी चूक केली' हे तीन शब्द लिहिता येऊ नयेत, याचे कुणालाही नवल वाटेल. फक्त नवल वाटून झाले की जरा आठवून पाहा. मागे स्वयंपाकघरात तुमच्या हातून कप सुटला, आणि आतल्या खोलीतून कुणीतरी विचारले, काय झालं? तेव्हा तुम्ही काय म्हणालात?

कप फुटला.